मामा म्हणजे आई नव्हे

तोरयालयला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या डोक्याची कातडी कपाळावर लोंबत होती. टोरंटोतल्या एटोबिकोच्या एका इमर्जन्सीत मी नर्स होते, रिटायर व्हायला आलेली. हायवेवर ठोकलेली गाडी कोण ओढून नेणार यावरून दोन टो ट्रकवाल्यांत जुंपली होती आणि दुसऱ्याने याच्या डोक्यात पाना घातला होता. तो दुसरा शेजारच्याच पडद्याआड विव्हळत होता. त्याचे पुढचे दोन दात याच्या जॅकेटच्या खिशात सापडले. कशाला उचलून आणलेस म्हणून विचारलं, तर म्हणे पोलिसांनी विचारलं तर दाखवायला.

मी वैतागून मराठीत बडबडत होते. हे रेडे एकमेकांना फोडणार आणि आम्ही रात्रंदिवस गोधडीसारखं शिवत बसायचं, मेल्यांनो, तुमच्या आयांनी काय खाऊन तुम्हाला काढलं, असं बरंच काही. नागपूरची आहे मी, माझं तोंड पहिल्यापासून असंच. तेव्हा रक्ताने माखलेला हा गडी डोळे न उघडता बोलला, "मावशी, हळू. मला मराठी समजतो."

बाप्पा! हातातलं ड्रेसिंग पडलंच माझ्या.

तोरयालय कंदाहारचा. तरुणपणी पुण्याला शिकायला होता, कोंढव्यात राहायचा. तिथे मराठी शिकला, पण तो, ती, ते यातला फरक त्याच्या डोक्यात कधी शिरला नाही. तो ट्रक, ती ट्रक, सगळं चालतं त्याला. परत गेला तेव्हा कंदाहारात कॅनडाची फौज होती. त्याने दुभाष्याची नोकरी धरली. इंग्रजीत विचारलेलं पश्तूत सांगायचं, पश्तूत आलेलं इंग्रजीत. गावच्या लोकांनी त्याचा चेहरा नीट पाहून ठेवला. रस्त्यात पेरलेल्या बॉम्बने त्याच्या पुढची गाडी उडाली तेव्हा दोन सोल्जरांचे तुकडे त्याने स्वतःच्या हाताने ब्लँकेटमध्ये गोळा केले होते. हे तो जेवताना सांगायचा, अगदी सहज, आणि वर विचारायचा, मावशी, आमटीत आज गूळ जास्त पडला का?

फौज निघाली तेव्हा दुभाष्यांसाठीच्या स्कीममध्ये तो इकडे आला. त्याच्या डोक्याचे टाके निघाल्यावर माझं बेसमेंट मी त्याला भाड्याने दिलं. माझी मुलगी गौरांगी वॉटर्लूहून फोनवर ओरडली, "Mom, are you insane?" मी म्हटलं, तुझे बाबा गेल्यापासून ड्राइव्हवेवरचा बर्फ कोण शोव्हल करतं? तू येतेस का?

माणूस वाईट नव्हता, पण हात आवरायचा नाही. त्या धंद्यातही सगळे तसलेच. कुणी त्याचा ट्रक जाळला, त्याने कुणाच्या काचा फोडल्या. एकदा बरगडी मोडून आला, एकदा दुसऱ्याची मोडून आला. मी शिव्या घालत टेप लावायची. त्याने लग्न केलं नाही, घर केलं नाही. कमवायचा ते सगळं बहिणीला पाठवायचा. झरमीना तिचं नाव, याच्याहून मोठी. घरावर रॉकेट पडून आईबाप गेल्यावर तिनेच याला वाढवलं, पुण्याच्या फीसाठी स्वतःच्या बांगड्या विकल्या. नवरा तिचा लवकर मेला. तिचा एकुलता एक मुलगा म्हणजे यमा.

हो, यमाच. मीसुद्धा दचकले होते. म्हटलं, अरे, पोराचं नाव यम ठेवता का कुणी? तो हसला. त्यांच्याकडे तो जुना राजा आहे म्हणे.

काबूल पडलं त्या वर्षीच्या थंडीत तोरयालयच्या फोनवर एक व्हिडिओ आला. बंदूकवाल्यांनी काढलेला आणि मुद्दाम त्यालाच पाठवलेला. त्याने तो सुरू केला आणि बहिणीचा चेहरा दिसल्याबरोबर बंद केला. पण तेवढ्यात पहिलं वाक्य त्याने ऐकलं होतं. ही कॅनडावाल्यांच्या कुत्र्याची बहीण, असं ते वाक्य होतं आणि पुढे त्याचं नाव. त्या दिवशी त्याने माझा कपड्यांचा ड्रायर बुक्क्यांनी चेपवून टाकला. हाताची हाडं मोडेपर्यंत मारत होता. मी खाली धावले तं तो जमिनीवर बसून मोडलेला हात पुन्हा पुन्हा भिंतीवर आपटत होता.

यमा त्या दिवशी शेजारच्या गावी होता म्हणून वाचला. झरमीना घरात मुलींना चोरून शिकवायची. त्यासाठीच तिला मारलं असं सगळ्यांनी यमाला सांगितलं. मामानेही फोनवर तेच सांगितलं. खरं काय ते तोरयालयला ठाऊक होतं आणि मला. पोरगा आधीच अर्धमेला झालेला, त्याला आणखी कशाला, असं तो म्हणायचा. भित्रा साला! दहा जणांच्या अंगावर एकटा जाईल, पण भाच्याला खरं सांगताना याची जीभ टाळूला चिकटायची.

यमाने मग जगभर मार खाल्ला. इराणच्या सीमेवर शिपायांनी त्याचा हात मोडला, तो वाकडाच जुळला. तिथून परत हाकलला, पुन्हा निघाला. ब्राझील, मग दोन अमेरिकांच्या मधलं ते जंगल. तिथे त्याच्या शेजारी झोपलेल्या माणसाचा गळा लुटारूंनी बुटांसाठी चिरला. शेवटी अमेरिका. तिथे गोदामात खोकी उचलत राहिला आणि आसऱ्याचा अर्ज केला. मागच्या वर्षी तो नाकारला. आता निघून जा, म्हणाले.

आणि जायचं कुठे? या देशांचे आपसात करार असतात हो. मोठी गोंडस नावं. परतावा, सहकार्य, स्थलांतराचं व्यवस्थापन. भाजी पाठवल्यासारखी माणसं पाठवतात. जर्मनीने विमान भरून काबूलला उतरवली, इराण-पाकिस्तानने तर ट्रक भरभरून ढकलली. कुणाला मारायला नेताय असं विचारलं की म्हणे करारात बसतं. आमच्या कॅनडाचाही अमेरिकेशी एक आहे, सेफ थर्ड कंट्रीचा. अमेरिकेतून रस्त्याने कॅनडात येऊन आसरा मागितला की आल्या पावली परत, कारण अमेरिका म्हणे सेफ. एक पळवाट आहे. इथे जवळचा नातेवाईक कायदेशीर राहत असेल तर आत घेतात. आई, बाप, भाऊ, बहीण चालतात आणि काका-मामाही चालतात. पण एकच संधी. एकदा परत पाठवलं की त्या दाराने पुन्हा येता येत नाही.

यमाला मामा होता. सोपं काम, असं आम्हाला वाटलं. तोरयालयने त्याला फोनवर पढवलं होतं, सीमेवरच्या पुलावर जा, आसरा माग, टोरंटोत माझा मामा आहे म्हण, माझा नंबर दे. मी फोन उचलतो.

यमा पुलावर जाणार होता त्या दिवशी सकाळी मी ग्रोसरी फ्रिजमध्ये लावत होते, तं ड्राइव्हवेत धाडधाड आवाज. पाहते तर हा कचऱ्याचा डबा लाथांनी तुडवतोय. दार उघडून ओरडले. तो सांगायला लागला, कुणीतरी बाई फोन करते आणि माझ्या मेलेल्या बहिणीला बोलवा म्हणते. यमाची आई आहे का, तिच्याशी बोलायचंय म्हणते. मी तिला घाण घाण शिव्या दिल्या मावशी, माझी बहीण मेली, तुला कबरीतून काढून देऊ का म्हणालो आणि फोन ठेवला.

मी त्याचा फोन हिसकावला. नंबर नायगाराकडचा, सीमेवरचा होता.

"मूर्खा," मी म्हटलं, "पोराने मामा म्हटलं असणार. त्यांनी ममा ऐकलं. आई!"

आपल्याकडे मामा तोच त्यांच्याकडे मामा, आईचा भाऊ. काका म्हणजेही काकाच. पहिल्याच दिवशी आम्ही दोघं यावर हसलो होतो. पण या गोऱ्या बाईच्या कानाला मामा म्हणजे आई. आणि पोरगं घाबरलं की इंग्रजी विसरणार, आपल्याच शब्दात बोलणार. मग त्यांनी विचारलं असेल, आई कुठे आहे? तो म्हणाला असेल, आईला मारलं. झालं. आधी म्हणतो आई टोरंटोत आहे, मग म्हणतो आई मेली. वर या शहाण्याने फोनवर शिव्या देऊन शिक्का मारला की मेलीच. पोराला खोटारडा ठरवायला आणखी काय पाहिजे?

टो ट्रकमध्ये बसून आम्ही निघालो. तसं ड्रायव्हिंग मी जन्मात पाहिलं नाही आणि पुन्हा पाहायचंही नाही. कडेच्या पट्टीवरून घुसवत नेत होता. एका व्हॅनचा आरसा आमच्या दाराने उडवला. मी बेल्ट धरून एकसारखी शिव्या देत होते, कधी त्याला, कधी त्या करारवाल्यांना.

पूल कुठला ते मी सांगत नाही. काउंटरवरची अधिकारी बाई गौरांगीच्या वयाची होती, आवाज मऊ, चेहऱ्यावर काहीच नाही. म्हणाली, फाईल बंद झाली आहे, त्याचं बोलणं विसंगत आहे, जेवणाच्या सुट्टीनंतर त्याला पलीकडे अमेरिकनांच्या ताब्यात देणार. दुभाषी नव्हता का, मी विचारलं. होता, फोनवर, फारसीचा. म्हणजे इराणचा! इराणात मामाला म्हणतात दाई, आणि मामा म्हणजे सुईण, नाहीतर पोरंबाळं आईला म्हणतात ते. घ्या! त्या शहाण्यानेही मदरच सांगितलं होतं.

इथे तोरयालयचा तोल गेला. त्याने काउंटरवर दोन्ही मुठी अशा आपटल्या की काचेला तडा गेला. दोन गार्ड धावले. एकाने त्याचा हात पाठीमागे पिरगाळला, दुसऱ्याने त्याचं थोबाड काउंटरवर दाबलं. त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली आणि तरी तो लाथा झाडत होता. आणखी एक लाथ बसली असती तर हा आत आणि भाचा पलीकडे. मी त्याच्या कानाशी वाकून मराठीत सांगितलं, गप पड मेल्या, नाहीतर पोराला विमानात बसवून मारायला धाडतील आणि ते तू केलेलं असेल. तेव्हा तो ढिला पडला.

मग मी त्या बाईकडे वळले. चाळीस वर्षं इमर्जन्सीत काढलीत, आवाज चढवायचा कुठे आणि उतरवायचा कुठे ते मला कळतं. उतरवला. "त्याने एकदाही खोटं सांगितलं नाही," मी म्हटलं. "त्याची आई मेली आणि मामा जिवंत आहे. हा बघा, तुमच्या काउंटरवर रक्त सांडतोय तो मामा. माझ्या भाषेतही हाच शब्द आहे. काबूलकडच्या कुणालाही फोन लावा आणि एवढंच विचारा. पाच मिनिटं लागतील तुम्हाला, आणि त्याचा जीव वाचेल."

ती नाही म्हणू शकली असती. तसा नियम तिच्या बाजूने होता. तिने वरिष्ठाला विचारलं आणि दुसरा दुभाषी लावला, अफगाण. प्रश्न पुरा व्हायच्या आत स्पीकरवरचा म्हातारा आवाज म्हणाला, अंकल, मदर्स ब्रदर, अर्थातच. बाईचे कान लाल झाले. पण लगेच म्हणाली, शब्द कळला, पण नातं कशावरून? आडनावं वेगळी, यमाच्या कागदावर फक्त बापाचं नाव. फोटो आहे का दोघांचा बहिणीबरोबर? फोटो कुठून असणार! बंदूकवाल्यांनी घर जाळलं त्यात सगळं गेलं होतं.

तोरयालयने खिशातून फोन काढला आणि हातातच धरून ठेवला. त्याच्या मनात काय आलं ते मला कळलं. पहिल्याच वाक्यात ती त्याची बहीण, आणि वर त्याचं नाव. मारणाऱ्यांनी स्वतःच्या तोंडाने नातं सांगितलं होतं. याहून पक्का पुरावा जगात नव्हता. पण व्हिडिओतली बाई आपली आई हे सांगायचं यमाने, म्हणजे त्याला समोर बसवूनच.

"मावशी, तो ऐकेल," तो म्हणाला.

"ऐकू दे," मी म्हटलं. "जिवंत राहून ऐकेल."

यमाला बेड्या घालून आणलं. उंच, हाडकुळा, एक हात कोपरात वाकडा. मामाला त्याने शेवटचं पाहिलं तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. तरी त्याने लगेच ओळखलं. बेड्यांचे हात तसेच पुढे करून तो रडायला लागला, मामाजान, मामाजान म्हणत. तोरयालय त्याच्याकडे न पाहता टेबलावर फोन ठेवून मागे सरला.

बाईने व्हिडिओ लावला. एक भिंत, भिंतीपाशी गुडघ्यावर बसवलेली झरमीना, केस मोकळे. कॅमेऱ्याबाहेरचा पुरुष बोलतो आणि स्पीकरवरचा म्हातारा इंग्रजीत सांगतो. ही कॅनडावाल्यांच्या कुत्र्याची, तोरयालयची बहीण. त्याच्या पापाचा दंड ही भरते. हिचा मुलगा यमा, तोही आम्हाला सापडेल. मग बंदुकीचा दस्ता तिच्या तोंडावर बसला. मी असले आवाज खूप ऐकलेत, जबडा फुटल्याचा आवाज ओळखते. पुन्हा एकदा. ती भिंतीला धरून उठायला बघत होती आणि काहीतरी बोलत होती, तोंडात रक्त असल्यामुळे नीट कळत नव्हतं. बाईने विचारलं, ती काय म्हणते? दुभाषी काही बोलेना. तिने पुन्हा विचारलं.

म्हातारा म्हणाला, "ती म्हणते, हे माझ्या भावाला पाठवू नका."

मग गोळी सुटली.

एवढं तोरयालयनेही तोवर ऐकलं नव्हतं. तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याच्या पाठीवरून मला काही कळलं नाही. यमाचं रडणं मात्र थांबलं होतं. तो मामाच्या पाठीकडे बघत होता. बाईने हळू विचारलं, या कोण? माय मदर, तो म्हणाला, या वेळी अगदी स्वच्छ इंग्रजीत.

संध्याकाळच्या आत त्याला आत घेतलं. बेड्या काढल्या, कागद दिला, सुनावणी पुढे होईल म्हणाले. अधिकारी बाई दारापर्यंत आली.

आम्ही पार्किंग लॉटमध्ये ट्रकपाशी आलो. तोरयालय दार उघडायला वाकला. मागून यमाने ट्रकवरची साखळी ओढून घेतली, गाड्या बांधायची, टोकाला लोखंडी आकडा असलेली, आणि चांगल्या हाताने फिरवून मामाच्या खांद्यावर हाणली. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज आला. तो गुडघ्यावर पडला. यमाने साखळी पुन्हा वर उचलली, डोक्याचाच नेम धरून. मी किंचाळत त्याचा हात धरायला गेले, तं त्याने मला झटकून बाजूला फेकलं.

तोरयालयने हात वर केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा. मान वर करून खांबावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, तिथे गार्ड पाठमोरा उभा होता. आणि आधी आपल्या भाषेत, मग माझ्याकडे बघून मराठीत बोलला, मी पोराला इंग्रजीत समजावावं म्हणून.

"इथे नको मारू म्हणावं. इथे पकडतील, परत पाठवतील. घरी मार."

यमाचा हात वरच होता. कितीतरी वेळ. मग साखळी खाली पडली. गार्ड वळून आला तेव्हा तोरयालय त्याला सांगत होता की हूक निसटला, आपलीच चूक, आणि रक्त पुसत चक्क हसत होता. गार्डने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. ट्रक मलाच चालवावा लागला, वयाच्या सत्तरीत, पहिल्यांदा. हॉस्पिटलला आधी जाऊ म्हणून मी जीव तोडून सांगत होते. तो म्हणाला, आधी घरी.

घरी आल्यावर तो स्वतःच बेसमेंटमध्ये उतरला. एका हाताने कसंबसं जॅकेट काढलं, दिवा लावला आणि खोलीच्या मधोमध उभा राहिला. यमा त्याच्या मागून उतरला आणि त्याने मारलं. तोंडावर, पोटात, जिथे लागेल तिथे. तोरयालय पडला की उठून पुन्हा उभा राहायचा. मी जिन्यावर हातात गॉज घेऊन उभी होते आणि मी मध्ये पडले नाही. शेवटी यमाचाच श्वास संपला. तो जमिनीवर बसला, हाताची सालपटं निघालेली.

मग त्याने मामाला काहीतरी विचारलं, त्यांच्या भाषेत, अगदी हलक्या आवाजात. तोरयालयचे ओठ फाटले होते, त्याला बोलता येईना. त्याने बोट करून कोपऱ्यातला आपला फ्रिज दाखवला.

यमाला भूक लागली होती.